कडबा, वाढं आणि मळी

पुण्याच्या रस्त्याने सोलापूर सोडलं की ऐन हंगामात मोहोळपर्यंत दोन गोष्टी सतत सोबतीला असतात. पुढे डबल ट्रॉली लावलेला उसाचा ट्रॅक्टर, आणि कडेला हारीने मांडलेल्या हिरव्या वाढ्याच्या पेंढ्या. ऊस तोडताना शेंड्याकडचा जो पाल्याचा भाग छाटतात, ते वाढं. कारखान्याला ते चालत नाही, म्हणून तोडणी टोळीकडे राहतं. टोळ्या येतात बीडकडून आणि आसपासच्या कोरडवाहू पट्ट्यांतून. पहाटेपासून कोयता चालवून झाला की टोळीतल्या बायका वाढ्याच्या पेंढ्या बांधतात. काही स्वतःच्या बैलांना टाकतात, उरलेल्या विकायला ठेवतात. गावातले दूधवाले मोटारसायकली थांबवून भाव विचारतात, दहा-वीस पेंढ्या मागे आवळून निघून जातात.

मोहोळच्या अलीकडे अशा एका ढिगापाशी थांबले. पेंढ्या मोजणारी बाई म्हणाली, "ऊस कारखान्याचा, रान मालकाचं. वाढं तेवढं आमचं, ताई." आठवड्याच्या बाजाराचा खर्च या पेंढ्यांवर निघतो, उचल मात्र तोडणीच्या मजुरीतून फिटत राहते, असा तिचा हिशेब होता.

चक्रीय अर्थव्यवस्थेची व्याख्या सोपी आहे. एकाच्या कामातून जे उरलं ते दुसऱ्याच्या कामाला लावायचं, वस्तूचं आयुष्य होईल तेवढं वाढवायचं आणि मातीतून आलेलं मातीत परत जाऊ द्यायचं. खेडी सावरायची तर हा रस्ता धरावा लागेल, असं आता सरकारी योजनांपासून कारखान्यांच्या अहवालांपर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि मलाही ते मनापासून पटतं. पण वाढ्याच्या त्या ढिगापाशी त्याच्या जोडीला एक प्रश्न उभा राहिला: उरलं ते कुणाचं? मोहोळ, माढा, माळशिरस, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा असा जिल्ह्याचा फेरा त्या प्रश्नाच्या मागे झाला.

मोहोळ तालुक्यातलं अंकोली हे नाव पाण्यावर आणि शेतीवर वाचणाऱ्यांना परकं नाही. अरुण देशपांडे आणि सुमंगला देशपांडे यांनी इथे 'विज्ञानग्राम' उभं केलं. त्यामागची प्रेरणा श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची. दाभोलकर कोल्हापूरचे, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी शेतीचा विचार मांडला तो ऊन, पान आणि पाणी यांच्या हिशेबाने. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, नीट जगवू शकतात ही त्यांची मांडणी. अट एकच, त्या दहा गुंठ्यांवर पडलेलं ऊन पानांत साठलं पाहिजे आणि पडलेलं प्रत्येक पान तिथल्याच मातीत मुरलं पाहिजे. अंकोलीत याला जोड मिळाली 'वॉटर बँके'ची. चांगल्या वर्षाचा पाऊस मोठ्या साठ्यात धरून ठेवायचा आणि वाईट वर्षाला तो जपून काढायचा. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. अशा मुलखात पाण्याचा विचार बँकेतल्या ठेवीसारखा करणं हाच व्यवहार आहे. बार्शी तालुक्यातल्या सुर्डीने हेच गाव म्हणून करून दाखवलं. पाणी फाउंडेशनच्या २०१९ च्या वॉटर कप स्पर्धेत सुर्डी राज्यात पहिलं आलं. माणसांनी उन्हाळ्यात श्रमदान करून चर खणले, बांध घातले. गावाच्या शिवारात पडलेलं पाणी गावाच्या शिवारातच मुरवणं, ही या साऱ्या विचाराची पहिली पायरी आहे. ती चुकली तर पुढचं कितीही खत-माती बोललं तरी हाती फारसं लागत नाही.

मग माढ्याचा रस्ता. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमाकाठचा जिल्हा बदलला. ११७ टीएमसीचा साठा, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, तरी कालव्याने पाणी आलं आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. उसाला हंगामात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी लागतं, म्हणजे इथल्या पावसाच्या जवळपास चौपट. तरीही आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत. माढा तालुक्यातल्या पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे कारखाना तर गाळपात राज्यातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जातो. माळशिरसला गेलं की माळीनगर लागतं. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी नीरेच्या कालव्याखाली येऊन १९३० च्या दशकात स्वतःचा कारखाना काढला तो इथे. सहकारी साखर कारखानदारी राज्यात रुजण्याच्या कितीतरी आधी शेतकरीच भागधारक असलेला कारखाना! माळीनगरच्या रस्त्यांवरून जाताना हे सारखं आठवत राहतं. शेतात पिकलेल्यावर पुढची प्रक्रियाही आपलीच असावी, हे त्या माणसांनी किती लवकर ओळखलं होतं.

साखर कारखान्याच्या आवारात शिरलं की उरलेल्याचा किती बारकाईने उपयोग होतो ते दिसतं. एक टन ऊस गाळला तर साधारण १०० ते ११० किलो साखर निघते. २८० ते ३०० किलो ओलं बगॅस, म्हणजे चोथा, निघतो. ४० ते ४५ किलो मोलॅसिस आणि ३० ते ४० किलो प्रेसमड. शेतकरी प्रेसमडलाच मळी म्हणतात. बाकी पाणी. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात दिवसाला चौदाशे टनांच्या पुढे बगॅस पडतं. ते बॉयलरमध्ये जळतं, त्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज महावितरणला जाते. मोलॅसिसपासून अल्कोहोल. निघेल तेवढी साखर काढून घेतलेल्या एक टन मोलॅसिसमधून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल मिळतं, त्याचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतं. अल्कोहोल काढल्यावर मागे राहतो तो स्पेंटवॉश, काळपट तपकिरी, उग्र वासाचा. एका लिटर अल्कोहोलमागे तो आठ ते बारा लिटर निघतो. पूर्वी ओढ्यात सुटला की विहिरी नासायच्या. आता तो प्रेसमडवर मारून कंपोस्ट करतात किंवा आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात. त्या राखेत पालाश असतं. उसाने काळ्या रानातून उचललेलं पालाश रसात गेलं, रसातून मोलॅसिसमध्ये, तिथून स्पेंटवॉशमध्ये आणि शेवटी राखेत. आपला देश पालाश जवळजवळ सगळं आयात करतो, हे लक्षात घेतलं तर त्या राखेचं मोल कळतं. मोलॅसिसपासूनच्या या पालाशला केंद्राने खतांच्या अनुदानात जागा दिली आहे.

प्रेसमडपासून आता बायोगॅसही निघतो. २०१८ च्या 'सतत' योजनेनंतर तो शुद्ध करून, दाबून गाडीच्या इंधनासाठी विकण्याची वाट मोकळी झाली. गॅस बाहेर गेला तरी नत्र, स्फुरद, पालाश मागे राहिलेल्या गाळातच असतं. तो गाळ शेतात परतला तर मातीचं फारसं काही हरवत नाही. परतला तर. सगळं त्या शब्दापाशी येऊन थांबतं. कारखान्याच्या आवारात चक्र जवळपास पूर्ण आहे, अभियंत्यांनी ते खरोखर कसबाने जुळवलं आहे. पण आवाराच्या फाटकाबाहेर गावाकडे काय येतं? मळीची ट्रॉली भरून आणायची तर आधी सभासदाला ती सहज मिळायची. आता तिच्यासाठी गॅसचा प्रकल्प आणि कंपोस्टचं यार्ड दोन्ही वाट पाहतात. कंपोस्ट पोत्यात भरून विकत मिळतं. ज्याच्या उसातून मळी निघाली तोच तिचा गिऱ्हाईक होतो.

पैशाचं पाहा. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरते ती साखरेच्या उताऱ्यावर. २०१२ साली रंगराजन समितीने सुचवलं की साखर आणि बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड या पहिल्या टप्प्यातल्या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा, किंवा नुसत्या साखरेच्या किमतीतला ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकाचा असावा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्या धर्तीवर ऊसदराचा कायदा केला. उरलेल्यावरही शेतकऱ्याचा हक्क आहे हे त्यात स्पष्ट मान्य झालं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पण हे सूत्र पहिल्या टप्प्याशी थांबतं. बगॅसची वीज होते, मोलॅसिसचं इथेनॉल होतं, मळीचा गॅस होतो, आणि खरी किंमत तिथे वाढते. एकेका टाकाऊ वस्तूचं मोल दरवर्षी वाढत असताना वाटणीचं सूत्र मागे राहावं, हे बरोबर नाही. नव्या प्रकल्पांना परवानगी देताना त्यातून निघणारा गाळ आणि राख किती टक्के सभासदांच्या रानात परत जाईल, हे आधी लिहून घेतलं पाहिजे. सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभेत हा विषय सभासदांनीच काढावा.

शेतातल्या पाचटाचा निर्णय मात्र कुणाच्या परवानगीवर अडलेला नाही. तोडणी झाली की रानात वाळलेल्या पानांचा गुडघाभर थर राहतो, हेक्टरी आठ-दहा टन. अकलूजकडे जाताना संध्याकाळी धुराचे लोट दिसले. कुणीतरी पाचट पेटवलं होतं. पेटवलं की रान झटक्यात मोकळं होतं, मजुरी वाचते, खोडव्याला पाणी द्यायला सोपं जातं. त्या घाईत नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातात, वरच्या थरातले जिवाणू होरपळतात. त्याच रस्त्यावर पुढे एका शेतकऱ्याने पाचट सरीत दाबून ठेवलेलं दाखवलं. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक, ही कृषी विद्यापीठाची शिफारस त्याला तोंडपाठ होती. त्याने खोडव्याच्या सरीतलं पाचट पायाने बाजूला सारलं. खालची माती ओलसर, मऊ, गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांनी भरलेली. शेजारच्या जळालेल्या रानातली माती उन्हाने तडकली होती. "पाण्याची एक पाळी तरी वाचती बघा," तो म्हणाला, "आन् तण तर उगवतच न्हाई." कालव्याचं आवर्तन लांबलं की एक पाळी म्हणजे अख्खं पीक. पाचट न जाळणारा शेतकरी खत तर तयार करतोच, पण उजनीचं पाणीही वाचवतो. हा फायदा धरणाच्या हिशेबात कुठेच मांडला जात नाही.

पंढरपूरला दर्शन घेऊन पुढे निघाले. कासेगाव परिसरात द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड दिसू लागतात. छाटणीच्या काड्या बांधावर रचून पेटवण्याऐवजी यंत्रातून बारीक करून वेलींच्या मुळाशी पसरण्याची रीत काही बागांत दिसली. सोलापूरच्या द्राक्षशेतीला प्रयोगाची सवय जुनी आहे. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका'सारखी जात निवडीतून शोधली ती आपल्याच बागेतल्या वेलींवर नजर ठेवून.

सांगोल्यात मात्र या विचाराची दुसरी बाजू दिसते. इथलं डाळिंब देशभर गेलं, सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. मग तेल्या हा जिवाणूजन्य रोग आला, खोडाला भोकं पाडणारी कीड आली आणि अनेकांनी बागा उपटल्या. तेल्याच्या बागेतली पडलेली फळं, पानं, छाटलेल्या फांद्या कुजवून पुन्हा बागेत टाकायच्या नसतात. त्या वेचून बागेबाहेर नेऊन जाळाव्या लागतात, कारण जिवाणू त्याच काडीकचऱ्यातून पुढच्या बहारावर चढतो. टाकाऊ काहीच नाही, सगळं मातीत घाला, असं सरसकट सांगणाऱ्यांनी सांगोल्यात एकदा येऊन जावं. काय फिरवायचं आणि काय तोडायचं, हे पिकागणिक, रोगागणिक ठरतं.

सांगोल्याच्या माळावर मेंढरांचे कळप अजून भरपूर आहेत. सुगी झाली की धनगरांचा वाडा रानात बसवायचा, ही इथली मुरलेली रीत. रात्रभर शे-दोनशे मेंढ्या एका तुकड्यात बसल्या की लेंडी आणि मूत थेट मातीत जातं. खत वाहायला नको, पसरायला नको. दुसऱ्या रात्री वाडा पुढे सरकतो. मोबदला धान्यात किंवा पैशात, बोली ठरवून. मेंढीला धसकटं आणि बांधावरचं गवत मिळतं, रानाला खत, धनगराच्या घराला ज्वारी. यात कुठलं अनुदान नाही आणि कुठली नोंद नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ते सापडत नाही. ते आलं पाहिजे. गायरान कुणाच्या घशात जाऊ न देणं हाच मेंढ्यांच्या खताचा आधार आहे. चरायला माळ उरला नाही तर वाडाही येणार नाही.

लोकरीची मात्र आबाळ आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ, काळी-करडी. कातरणीची मजुरी निघण्याइतकाही भाव मिळत नाही, म्हणून कित्येक जण ती तशीच फेकून देतात. याच लोकरीची घोंगडी सनगर विणतात. एका घरात माग पाहायला मिळाला. अंगणात ताणलेल्या ताण्याला घरची बाई कुंच्याने खळ लावत होती. खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, साल काढून भरडायचे, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. चिंच विकून झाली की उरलेला चिंचोका इथे धाग्याला ताठपणा देतो. कुंचा एका लयीत वरून खाली जात होता, सुटलेले तंतू धाग्याला चिकटून बसत होते. आम्ही बोलत होतो तेवढ्यात एका बाजूचा ताणा वाळून टणक झालाही. घोंगडी थंडीत ऊब देते, पावसात पाणी निथळू देते, फाटली की खोगिराखाली जाते किंवा गुरांच्या अंगावर, आणि शेवटी मातीत कुजते. त्या घरातली मुलं मागावर बसत नाहीत. चांगला भाव देणारं गिऱ्हाईक आहे, पण ते पुण्या-मुंबईत, आणि मधल्या व्यापाऱ्याचा हात मोठा. फेकली जाणारी लोकर गावातच गोळा झाली, धुऊन-पिंजून विणकराला उधारीवर मिळाली, तर हा धंदा अजून उभा राहू शकतो. त्याला मोठ्या कारखान्याची गरज नाही, एका चांगल्या सोसायटीची आहे.

मंगळवेढ्यात काळी जमीन सुरू होते आणि नजर जाईल तिथपर्यंत शाळू. ज्वारीचं कोठार म्हणून या तालुक्याची ख्याती, आणि इथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेलं 'मालदांडी ३५-१' आजही इथला शेतकरी सोडायला तयार नाही. त्यानंतर जास्त उताऱ्याचे किती वाण आले आणि गेले. मालदांडी टिकली, कारण दाण्याइतकाच तिचा कडबा मोलाचा. उंच, गोड, पानांचा, जनावर आवडीने खाणारा. शेतकरी वाण निवडतो तेव्हा एका डोळ्याने भाकरीकडे आणि दुसऱ्याने गव्हाणीकडे पाहतो. दाणा माणसाला, कडबा खिलार बैलाला आणि पंढरपुरी म्हशीला, शेण उकिरड्याला, उकिरडा उन्हाळ्यात रानाला, आणि तेही सगळं साठलेल्या ओलीवर, कालव्याच्या पाण्याशिवाय. चक्रीय अर्थव्यवस्थेचा अभ्यास करायला मंगळवेढ्याच्या एका जुन्या वाड्याचं परसदार पुरेसं आहे.

पण तेही आता डळमळतंय. शाळू हाताने उपटायचा, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मळणी करायची, कडब्याची गंजी रचायची, याला माणसं लागतात. मजूर मिळत नाही. मिळाला तर मजुरी परवडत नाही. म्हणून मोठं कापणी-मळणी यंत्र रानात घालायचं मन होतं. ते दाणा काढून देतं आणि कडब्याचा चुरा करून टाकतं. कडबा गेला की जनावर ठेवणं महागतं, जनावर गेलं की उकिरडा जातो, मग सगळं खत पोत्यातून. कडब्याचा शेकड्याचा भाव दरसाल चढतो आहे, तरी कित्येक घरांत जनावर कमी होतंय, याचं कारण इथे आहे.

हुरड्याला बोलावलेल्या एका घरी रात्री यावरच बोलणं रंगलं. शेण्यांच्या आगटीत कणसं भाजत होती, घरची आजी गरम कणीस तळहातावर चोळून हुरडा पुढे करत होती, आणि सून तिच्या बचत गटाचा हिशेब सांगत होती. दाणा-कडबा एकदम न काढता बुडातून ज्वारी कापून आडवी पाडणारं छोटं यंत्र गटाने मिळून घ्यायचं, कृषी खात्याच्या अवजारे बँक योजनेतून अनुदान मिळतंय का पाहायचं, आणि गावात एकराच्या भावाने चालवायचं, असा त्यांचा बेत होता. सासऱ्यांना यंत्र पसंत, भाव जास्त वाटत होता.

"कडबा शाबूत राहतोय न्हवं? मग शेकड्यामागं किती वाचलं ते धरा की, मामा," ती म्हणाली.

मामांनी बोटांवर शेकडे मोजले, मजूर मोजले, पुन्हा शेकडे मोजले. भाव खाली आला नाही. गटातल्या बायकांच्या रानाला मात्र वेगळा दर असावा, एवढं दोघांच्या बोलण्यातून ठरलं, आणि फेब्रुवारीच्या सुगीआधी कृषी सहायकाला गाठायचं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीची वेळ विचारून घेतली.